मेन्दो आमा पर्म फेडते

विल्मा दिदीचा पाय मुरगळला तो मेन्दो आमाच्या नाचणीच्या पायऱ्यांच्या शेतात, शेवटच्या पायरीवरून खाली उतरताना. धपकन पडली, पण हातातली कणसांची मूठ काही सुटली नाही. ही गोष्ट आमाने दुसऱ्या दिवशी साऱ्या पांगदूर गावाला सांगितली. "हाड मोडलं असतं तरी बाईनं कणीस सोडलं नसतं," ती म्हणाली, आणि हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर कौतुक कमी आणि काळजीच जास्त होती.

खरं तर विल्मा दिदीचं आणि तिच्या सोबत्यांचं शेतात काहीच काम नव्हतं. ही आठ माणसं दूर हॉलंडहून आली होती ती शाळेच्या पाण्याची टाकी बांधायला हातभार लावायला, आणि मग वर डोंगरात ल्हामोपोखरीच्या तळ्यापर्यंत चढून जायला. पण टाकीचं सिमेंट खालच्या बाजारात अडकलं, कारण सिमेंट आणणारी खेचरं कुणाच्या तरी लग्नाचा आहेर घेऊन पलीकडच्या खोऱ्यात गेली होती आणि आता नवरीचा बाप त्यांना जेवल्याशिवाय सोडत नव्हता. खेचरांना नव्हे, खेचरवाल्याला. पण तो अडकला की खेचरंही अडकलीच.

पाहुण्यांना डोंगरात नेणारा वाटाड्या आमच्याच गावचा, कार्सांग. आठ धडधाकट माणसं दिवसभर चहा पीत बसलेली त्याला बघवेनात. "रिकामी बसली की ह्यांची पोटं बिघडतात," असं म्हणून त्याने एकेका घरी एकेक पाहुणा वाटून टाकला. मंसिर महिना, नाचणी कापणीला आलेली, घरोघरची तरणी पोरं मलेशियाला नाहीतर आखातात. अशा वेळी आयते हात कोण परत पाठवतो? कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी पाहुण्यांच्या हातात विळे दिले, भाजलेला मका दिला, नाचणीची आंबवलेली जांड पाजली आणि कामाला लावलं.

पाहुण्यांनी जीव तोडून काम केलं. योरिस नावाचा ताडमाड पोरगा साइला मेमेच्या वाट्याला आला होता. त्याला नाचणीपर्यंत वाकताच येईना. शेवटी तो बसूनच पुढे सरकत कापू लागला, त्यात पँटची मागची बाजू शेतातच राहिली. साइला मेमे म्हणजे गावचा म्हातारा, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "पोरानं कापलं कमी आणि लोळवलं जास्त. पण लोळवलं मनापासून." सगळे हसले. दिदी पडेपर्यंत सारं असं हसण्यावारीच चाललं होतं.

दिदीला उचलून आमाच्याच ओसरीवर आणून बसवलं. मेमेने पाय चाचपला. शेळ्यांचे मोडलेले पाय बांधण्यात त्याचा हातखंडा आहे. "मोडला नाही," तो म्हणाला, "पण ह्या खेपेला डोंगराचं नाव काढू नको म्हणावं." कार्सांगने ते दिदीला तिच्या भाषेत सांगितलं. साठीची ती गोरी, आडव्या हाडाची बाई आतापर्यंत हूं की चूं न करता बसली होती, ती एकदम तोंड झाकून रडायला लागली.

"फार दुखतंय का?" आमाने विचारलं.

"पायासाठी नाही रडत आमा, तळ्यासाठी रडतेय," कार्सांग म्हणाला. "तिच्या मुलखात डोंगर नाही, साधी टेकडीसुद्धा नाही. इथं चढता यावं म्हणून ती दोन वर्षं घराचा जिना चढतेय. उंच इमारत आहे. पाठीवर बटाट्यांची पिशवी घेऊन रोज वर जायचं आणि खाली यायचं."

"बटाटे वर नेऊन ठेवायची?"

"नाही. परत खाली आणायची."

"दुसऱ्या दिवशी दुसरे न्यायची?"

"तेच न्यायची."

आमा उठली, चुलीवर पाणी ठेवलं आणि त्या दिवशी पुन्हा कुणाशी बोलली नाही. मेन्दो आमा गप्प बसली की काहीतरी उपटणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

आता पर्म म्हणजे काय हे सांगायला हवं. पर्म म्हणजे सावड. आज तू माझ्या शेतात आलीस, उद्या मी तुझ्या शेतात येणार. ज्याचं काम त्याची न्याहारी. बाकी देणंघेणं काही नाही. मेन्दो आमाचा नवरा जाऊन कितीतरी पावसाळे झाले, मुलगा मलेशियात. घरात नांगर धरायला माणूस नाही. तरी असार महिन्यात लावणीला तिच्या शेतात दहा माणसं उभी राहतात, कारण ती कुणाचीही पर्म अंगावर ठेवत नाही. ताप असला तरी जाते, पाऊस असला तरी जाते. तिच्या घराचा खांब म्हणा, पुरुषमाणूस म्हणा, जे काही आहे ते हे एवढंच. उद्या जर कुणी म्हणालं की मेन्दोने एका परमुलखातल्या बाईची पर्म खाल्ली, वर तिचा पायही मोडून पाठवला, तर पुढच्या असारात तिच्या चिखलात कोण उतरणार?

सकाळी कार्सांग दिदीला बघायला आला तेव्हा आमा उंबऱ्यात बसली होती.

"कार्सांग, ह्या दिदीचं काम काय असतं?"

"कसलं काम?"

"तिचं. मी तिच्याकडे कुठल्या कामाला जायचं?"

कार्सांग हसला. "आमा, पाहुण्यांची पर्म नसते."

"ती माझ्या शेतात उतरली का नाही?"

"उतरली."

"माझी न्याहारी खाल्ली का नाही? जांड प्याली का नाही?"

"दोनदा मागून घेतली."

"मग ती पाहुणी कशी? पाहुणी ओसरीवर बसते आणि लाजते." आमाने डोक्यावरचा फडका घट्ट केला. "आता सांग, तिचं काम काय?"

"अगं, काम काहीच नाही. ह्या लोकांना फक्त वर तळ्यापर्यंत जायचं असतं. ती हौस आहे त्यांची."

"दोन वर्षं तेच बटाटे वाहते, ती हौस?" आमाने विचारलं.

खरं सांगायचं तर हा प्रश्न कार्सांगलाही अधूनमधून पडायचा.

"ते तिचं काम आहे," आमा म्हणाली. "माझ्या शेतानं तिचा पाय नेला. म्हणून ते काम मी करणार. सिमेंट येईपर्यंत तळं बघून यायचं म्हणून उद्या तुम्ही जाताय ना? मीही येते. तिच्या वाट्याचं तळं उरकून येते."

कार्सांगने खूप समजावलं. मेमेला बोलावलं. मेमे अंगणाकडे बोट दाखवत म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं? सगळी नाचणी उघड्यावर पडलीय. मळणी नाही, काही नाही. वर आभाळ भरून आलंय. पाऊस लागला तर कोंब येतील. वर्षभर काय खाशील, तळं?"

आमाने अंगणाकडे बघितलं. लाल कणसांचा ढीग, सगळ्या वर्षाचा ढिंडो, म्हणजे नाचणीचा घाटा, आणि जांड त्यात होती. बाहेर घरंगळलेलं एक कणीस उचलून तिने ढिगावर ठेवलं. पण ती एवढंच म्हणाली, "नाचणी पुढच्या वर्षी परत येईल. दिदी काय रोज येते?"

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं झालं असतं. पण आमची पाणवठ्यावरची काइली ऐकत होती, आणि काइलीच्या कानात गेलेलं दुपारपर्यंत गावात जातं. "मेन्दो आमा एवढ्या वयात फेडायला निघाली, आणि आपण काय तोंडं बघत बसायची?" ती घरोघर विचारत फिरली. "माझ्याकडच्या पोरीनं अख्खी पायरी कापली. ती उद्या चालली. मग माझी पर्म राहिलीच ना?" हा हिशेब एकेका घराला पटू लागला. ज्याच्या घरी पाहुणा कापणीला आला होता, त्याचा चेहरा उतरला.

"मला नका ओढू ह्यात," साइला मेमे म्हणाला. "माझ्याकडच्यानं लोळवलंय."

"कापलं का नाही?"

"कापलं थोडं."

"मग थोडं चला," काइली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौतारीवर, म्हणजे वाटेवरच्या पारावर, कार्सांग सात पाहुण्यांना ओळीत उभं करून निघायच्या तयारीत होता. बघतो तर गावातली सात माणसं पाठीवर रिकाम्या डोको टोपल्या, कपाळाला पट्टे लावून हजर. प्रत्येक जण आपापल्या पाहुण्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि काही न बोलता त्याच्या पाठीवरची सॅक काढून टोपलीत टाकू लागला. पाहुणे घाबरले. योरिसने सॅक छातीशी धरली.

"त्याला सांग," मेमे कार्सांगला म्हणाला, "सोड म्हणावं."

"तो म्हणतो, आम्ही आमचं ओझं आम्हीच वाहतो. म्हाताऱ्या माणसावर ओझं टाकणं बरोबर नाही."

"असं? मग माझी नाचणी त्यानं वाहिली तेव्हा मी अडवलं का?"

कार्सांगने हे सांगितल्यावर योरिसने थोडा विचार केला आणि मुकाट्याने हात सोडले. सबंध वाटभर तो रिकाम्या पाठीने मेमेच्या मागून चालला. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा तोंड पाडून.

मेन्दो आमा सगळ्यांच्या शेवटी आली. तिच्या टोपलीत फक्त विल्मा दिदीचे बूट होते.

"बूट कशाला?" कार्सांगने विचारलं.

"तळ्याला कळायला नको, कुणाचं काम आहे ते?"

निघता निघता कार्सांगने ओसरीवर डोकावून दिदीला सगळं घाईघाईत सांगितलं. दिदी आधी हसली, मग अंगणातल्या ढिगाकडे बोट करून मोठ्यांदा काहीतरी बोलायला लागली. पण तोवर आमा वळणापलीकडे गेली होती. तिने दिदीसाठी चुलीशेजारी मडकंभर ढिंडो, गुंद्रुकाची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची, आमटी आणि जांडेची कळशी झाकून ठेवली होती. शेजारणीला सांगितलं होतं, बाई उपाशी राहता कामा नये.

पहिला घोटाळा दुपारी झाला. दगडी बैठकीजवळ पाहुणे थांबले आणि डोंगरांचे फोटो काढू लागले. गावची माणसं टोपल्या टेकवून एका ओळीत बसली आणि वाट बघू लागली. फोटो काढून झाले, पाणी पिऊन झालं. माणसं बसूनच.

"आता निघायचं का?" कार्सांगने विचारलं.

"न्याहारी कधी?" काइली म्हणाली.

"कुणाची न्याहारी?"

"ज्याचं काम त्याची न्याहारी. हे पण आम्ही सांगायचं?"

कार्सांग लाजेने लाल झाला, पण त्याला सांगावंच लागलं. पाहुण्यांची एकच धावपळ उडाली. त्यांचं सगळं सामान गावकऱ्यांच्याच पाठीवर होतं, त्यामुळे खाऊ काढायलाही परवानगी मागावी लागली. चकचकीत कागदात गुंडाळलेल्या वड्या निघाल्या. मेमेने एक वडी तोंडात घातली आणि बराच वेळ चावली.

"ह्यात भुसा आहे."

"पौष्टिक असतं मेमे ते," कार्सांग म्हणाला.

"भुसा पौष्टिकच असतो. म्हशीला विचार."

"आणि जांड?" काइलीने विचारलं.

जांड नव्हती. काइलीने वडीचा कागद घडी करून कमरेला खोचला आणि जाहीर केलं की ह्या घरी पुन्हा पर्मला यायचं नाही. "जे मिळतं ते खा गं," आमा तिला दटावत म्हणाली. "पोरं आहेत. संसार कुठे केलाय त्यांनी." एवढ्यात योरिसने सॅकच्या तळातून फडक्यात बांधलेला चीजचा पिवळा गोळा काढला. तळ्यावर पोचल्यावर खाऊ म्हणून त्याने तो घरापासून जपून आणला होता. चाकूने त्याने सगळ्यांना सारखे तुकडे केले आणि स्वतःला काहीच उरलं नाही. मेमेने तुकडा चघळला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "पोरगा घरंदाज आहे." मग स्वतःच्या तुकड्यातला अर्धा त्याने योरिसला परत दिला.

वरच्या मेंढपाळांच्या गोठ्यात आठ माणसांची जागा होती. तिथे सोळा झोपले, आणि मेमेच्या घोरण्याबद्दल सात परदेशी माणसांचं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी चढ उभा झाला आणि पाहुण्यांचा श्वास आखडला. शेवटच्या टप्प्याच्या खाली योरिस एका दगडावर बसला. डोकं दुखत होतं, पाय उचलत नव्हते.

"बस इथंच," मेमे त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "तुझं मी करून येतो."

"मेमे, त्याला स्वतःला बघायचंय," कार्सांग म्हणाला.

"मी काय आंधळा आहे? बघून येतो आणि सांगतो त्याला."

हे ऐकून मात्र योरिस उठला. मेमेच्या टोपलीचा काठ धरून एकेक पाऊल टाकत शेवटपर्यंत आला.

ल्हामोपोखरीला आम्ही जातो ते भदौ महिन्याच्या पुनवेला, आमचा बोम्बो, म्हणजे भगत, ढोल वाजवत पुढे असतो तेव्हा. मंसिरात तिथे कुणी फिरकत नाही. मेन्दो आमा तर लग्न झालं त्या वर्षी नवऱ्याबरोबर आली होती, त्यानंतर नाहीच. तिने टोपलीतून बूट काढले, काठावर ओल्या मातीत नीट जोडून ठेवले, टोकं पाण्याकडे करून. नाड्या बांधल्या. मग शेजारी बसली.

ढग हलले आणि सगळं तळं उघडं झालं. निळं, गप्प. आमा बघत राहिली. दिदीच्या वाटणीचं बघून झालं, मग थोडं स्वतःचंही बघितलं. लग्नानंतर इथेच तिच्या नवऱ्याने तिच्या ओंजळीत पाणी घालून हसून काहीतरी म्हटलं होतं. काय म्हटलं होतं ते तिला आता आठवेना, हसणं तेवढं आठवलं. तिचे डोळे भरून आले.

"चांगलं काम निवडलंय बाईनं," ती कार्सांगला म्हणाली.

तेवढ्यात पाण्यावर टपटप गारा पडायला लागल्या. सगळे खडकाच्या आडोशाला पळाले. आमा मात्र खाली दरीकडे बघत उभी राहिली. खाली गावाच्या अंगावर काळंभोर आभाळ उतरलेलं दिसत होतं. तिने बूट टोपलीत टाकले आणि कुणाची वाट न बघता उतरायला लागली. परतीच्या वाटेत ना तिने काही खाल्लं, ना ती कुणाशी बोलली. काइलीसुद्धा गप्प होती, म्हणजे विचार करा.

गावात शिरलो तेव्हा वाटांवरून गढूळ पाणी वाहत होतं. पाऊस नुकताच थांबला होता. आमा ओसरीकडे गेलीच नाही, सरळ अंगणात गेली. आम्हीही मागून गेलो.

अंगण रिकामं होतं. एक कणीसही नाही. फक्त पाणी. आमा वाकून त्या पाण्यात हाताने दाणे चाचपू लागली. कार्सांगने तिला दंडाला धरलं. मेमे डोक्यावरची टोपी काढून उगाच झटकत राहिला.

मग घरातून आवाज आला. धप, धप, धप.

दार ढकललं. आत विल्मा दिदी जमिनीवर बसली होती. बांधलेला पाय सरपणाच्या मोळीवर, हातात आमाचं मळणीचं दांडकं, केसांत लाल भुसा. भोवती कणसांचे ढीग. झोडपून पाखडलेली नाचणी सुपात होती, पातेल्यांत होती, तिच्या सॅकमध्ये होती, तिच्या झोपायच्या पिशवीतही गळ्यापर्यंत भरली होती. कोंबडा तिने आपल्या गळपट्ट्याने खांबाला बांधून ठेवला होता आणि तो अपमान झाल्यासारखा बसला होता. आमा गेली त्याच दिवसापासून ती योरिससारखी बसून सरकत सरकत, टोपली ओढत सगळं आत आणत होती. शेजारीण मदतीला आली तर तिला म्हणे हाकलून दिलं.

आमाने टोपलीतून बूट काढून दिदीसमोर ठेवले. तळ्याची काळी माती अजून ओली होती.

"तिला सांग," ती कार्सांगला म्हणाली, "तिचं काम झालं. नीट केलंय. अर्धवट नाही."

कार्सांगने सांगितलं. दिदीने बूट उचलले, त्या मातीवरून बोट फिरवलं आणि बूट पोटाशी धरून रडायला लागली. मग आमाही रडली, काइलीही रडली. योरिस कोपऱ्यात तोंड फिरवून उभा राहिला. दोन बायकांना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण तेव्हा कुणी कार्सांगला भाषांतर करायला सांगितलं नाही.

डोळे पुसून झाल्यावर आमाने खोलीभर नजर फिरवली. सूप बघितलं, पातेली बघितली, झोपायची पिशवी बघितली. आणि हळूहळू तिचा चेहरा बदलला.

"कार्सांग," ती म्हणाली, "हिनं न्याहारी खाल्ली का?"

कार्सांगने दिदीला विचारलं. दिदीने मान डोलावली आणि जरा ओशाळून जांडेच्या कळशीकडे बोट दाखवलं. कळशी आडवी होती.

"खाल्ली म्हणते. आणि जांडही संपवली."

"मग झालं, परत पर्म चढली," आमा म्हणाली आणि उंबऱ्यात बसली. बाहेर मेमे खो खो हसायला लागला.

मग आमाने कार्सांगला विचारलं, "तुझं म्हणणं, हिच्या मुलखात डोंगर अजिबात नाही?"

"एकही नाही आमा."

"नुसता तो जिनाच?"

"नुसता जिनाच."

आमाने सुस्कारा टाकला आणि दिदीच्या केसांतला भुसा बोटांनी काढायला लागली.

"विचार तिला," ती म्हणाली, "बटाटे तिकडे मिळतात, का इथून न्यायचे?"